हर्ट्झची भानगड

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये कधी बारकाईने बघितलं असेल तर तिथे एक विचित्र आकडा दिसतो: ५९.९४ हर्ट्झ. सरळ साठ नाही. बऱ्याच मॉनिटरांवर साठही असतो आणि त्याच्या शेजारी हा ५९.९४ सुद्धा, एखाद्या लग्नात यजमानांनी न बोलावलेला पण सगळ्यांना ओळखणारा पाहुणा असतो तसा. गेल्या हिवाळ्यात हर्नडनच्या आमच्या घरी बेसमेंटमध्ये आठ-नऊ रात्री या हर्ट्झच्या नादात गेल्या, म्हणून हे लिहितो आहे. ज्यांना कॉम्प्युटर गेम्समध्ये रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. मलाही नाही.

हर्नडन म्हणजे व्हर्जिनियातलं डलेस विमानतळाला लागून असलेलं गाव. नव्वदच्या दशकात जगातल्या तमाम डॉट कॉम नावांची नोंदणी इथल्याच एका कंपनीकडे, नेटवर्क सोल्युशन्सकडे होत असे. मी १९९८ साली आलो तेव्हा ज्याला त्याला इथे टेलिकॉममध्ये नोकरी मिळत होती. पुढे तो फुगा फुटला ते सोडा. आता पाच-दहा मैलांवर अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरांची रांग लागली आहे आणि १५ नोव्हेंबर २०२२ पासून गावात मेट्रो आली आहे. या मेट्रोचा संबंध पुढे येणार आहे.

चिरंजिवांनी उन्हाळ्यात स्विमिंग पूलवर लाइफगार्डची नोकरी करून पैसे साठवले आणि बत्तीस इंची गेमिंग मॉनिटर घेतला. आम्ही एक डॉलरही दिला नाही, त्याने मागितलाही नाही. १४४ हर्ट्झ, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक, खोक्यावर चार-पाच स्टिकर. (कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण हा प्रकार एका कंपनीपुरता नाही.) तीन आठवड्यांनी तो वर येऊन म्हणाला, "बाबा, स्क्रीन फ्लिकर होतोय. अँड समटाइम्स इट जस्ट गोज ब्लॅक." दुकानाची परत घ्यायची मुदत तीस दिवसांची, त्यातले एकवीस गेलेले. कंपनीच्या मदतकेंद्राने ठरलेलं उत्तर दिलं होतं, बंद करून चालू करा. अख्ख्या उन्हाळ्याची कमाई त्या पडद्यात होती, आणि आयुष्यातली त्याची पहिली मोठी खरेदी. म्हणून मी खाली गेलो. माझ्या मागोमाग आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. घरात लहानथोर सगळे त्यांना आबाच म्हणतात. एमएसईबीत सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून उभी हयात काढली आणि २००५ साली बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या व्हायच्या आधीच निवृत्त झाले. सहा महिन्यांसाठी आले होते. थंडीत बाहेर पडता येईना, नातवाशी बोलायचं तर त्याचं मराठी "आबा, तू जेवला?" याच्या पुढे फारसं जात नाही. एक खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

आता थोडी पार्श्वभूमी. पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो त्याचा रिफ्रेश रेट. साठ हर्ट्झ म्हणजे साठ वेळा. हा आकडा साठच का? कारण अमेरिकेतली वीज साठ हर्ट्झची आणि सुरुवातीचा टीव्ही विजेच्या तालावर बांधलेला. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून टीव्हीही पन्नासचा. इथे १९५३ साली रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा रंगाचा नवा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू नये म्हणून सगळा वेग एका हजारांशाने कमी केला. साठचे झाले ५९.९४. नळ्यांचे टीव्ही कधीच मोडीत निघाले, पण हा आकडा अजून मेनूत बसून आहे.

या पन्नास-साठच्या भांडणाचा चटका त्या काळात इथे आलेल्या प्रत्येक मराठी घराला बसला आहे. आमचं लग्न २००० साली कराडला झालं. व्हिडिओवाल्याने तीन तासांची कॅसेट करून दिली, ती बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवून आणली, आणि इथल्या व्हीसीआरमध्ये घातली तर करड्या पट्ट्या वरून खाली धावायला लागल्या. भारतातली कॅसेट पालची, ६२५ रेषांची आणि पन्नासची. इथला टीव्ही एनटीएससीचा, ५२५ रेषांचा आणि साठचा. शेवटी देशी किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत एकजण कॅसेट बदलून द्यायचा, त्याला पंचवीस डॉलर मोजले तेव्हा कुठे मंगलाष्टकं दिसली. बायको अजून म्हणते की त्या कॅसेटमध्ये सगळे जरा अडखळत चालतात. तिचं म्हणणं शास्त्रशुद्ध आहे. पन्नासचं साठ करताना काही चित्रं दोनदा दाखवावी लागतात.

तर मुद्दा असा की पडद्याचा वेग ठरलेला असतो आणि चित्राने त्याच्याशी जुळवून घ्यायचं, हा सत्तर-ऐंशी वर्षांचा रिवाज होता. त्याच्या आधी तो नव्हता ही आणखी गंमत. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशनमध्ये लागला तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा होता. मूकपटाच्या काळात सेकंदाला किती चित्रं हे हँडल फिरवणाऱ्याच्या हातात असायचं. बोलपट आले आणि ही मोकळीक गेली, कारण वेग हलला की आवाज चिरका किंवा घोगरा होतो. सेकंदाला चोवीस चित्रं हा आकडा त्या वेळी पक्का झाला.

गेमची अडचण अशी की त्यातलं चित्र आधी काढून ठेवलेलं नसतं. ग्राफिक्स कार्ड ते जागेवर रंगवतं. समोर नुसती भिंत असली तर सेकंदाला दीडशे चित्रं होतील, धूर, पाणी आणि शंभर सैनिक आले तर पन्नाससुद्धा होणार नाहीत. ठरलेल्या वेगाच्या पडद्याचं आणि या लहरी चित्रकाराचं जमणार कसं?

आबांना मी हे मेट्रो आणि एसटीचं उदाहरण देऊन सांगितलं. जुना पडदा म्हणजे हर्नडनची मेट्रो. दार वेळेला लागणार आणि गाडी सुटणार. चित्राला एक मिलिसेकंद उशीर झाला तर पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर उभं राहायचं. हे व्ही-सिंक, यात खेळ अडखळतो. नाहीतर धावत्या गाडीत उडी मारायची, म्हणजे वरचं अर्धं चित्र जुनं आणि खालचं अर्धं नवीन. याला टेअरिंग म्हणतात, पडदा आडवा फाटल्यासारखा दिसतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक म्हणजे आपल्या गावाकडची एसटी. कंडक्टरला लांबून पळत येणारा माणूस दिसला की तो घंटी मारत नाही. माणूस चढला की गाडी सुटते. पडदा थांबतो, चित्र तयार झालं की मगच बदलतो.

थांबायचं कसं, तर दोन चित्रांमध्ये जी मोकळी जागा असते ती लांबवायची. ही जागा मुळात नळीच्या टीव्हीसाठी होती. इलेक्ट्रॉनचा झोत खालच्या कोपऱ्यातून परत वर जाईपर्यंतची विश्रांती. सपाट पडद्यात झोत उरला नाही, पण विश्रांती उरली, आणि तिचाच असा उपयोग झाला. २०१३ च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाने जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं महागडं सर्किट लागायचं. मे २०१४ मध्ये व्हेसा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घातलं. एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ च्या सुरुवातीला दुकानात आले आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही असे साधे मॉनिटर चालवू लागली. तेव्हापासून हे प्रकरण स्वस्त झालं आणि लाइफगार्डच्या पगारात बसायला लागलं.

"आणि माणूस आलाच नाही तर?" आबांनी विचारलं. "एसटी किती वेळ उभी ठेवणार?"

प्रश्न नेमका होता. आमच्या मॉनिटरची मर्यादा ४८ ते १४४. म्हणजे एका चित्रावर तो फार तर २०.८ मिलिसेकंद थांबू शकतो. तेवढ्यात नवीन चित्र आलं नाही तर जुनंच पुन्हा दाखवतो. सेकंदाला ४७ चित्रं येत असतील तर प्रत्येक चित्र दोनदा, पडदा ९४ वर. हे आपोआप होतं आणि एरवी कळतही नाही. कळतं ते कधी, ते पुढे.

आधी दुखणं कुठलं ते ठरवायला हवं होतं. 'मॉनिटर बिघडला' या एका वाक्यात चार वेगळे आजार असतात: चित्र फाटणं, अडखळणं, उजेड लुकलुकणं आणि पडदा काळा पडणं. काळा पडण्याचा इलाज पहिल्याच रात्री झाला. खोक्यात आलेली डिस्प्लेपोर्टची केबल काढून व्हेसाचं प्रमाणपत्र असलेली सहा फुटी केबल लावली, त्यानंतर पडदा पुन्हा काळा पडला नाही. अशी तक्रार असेल तर बाकी काही करण्याआधी केबल बदलून बघा, पंधरा-वीस डॉलरचा प्रश्न आहे.

लुकलुकणं राहिलं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यावा म्हटलं. आबांच्या फोनमध्ये नुसत्या पट्ट्याच पट्ट्या. माझ्या फोनमध्ये त्या मानाने नाहीत. कारण पुन्हा तेच! त्यांच्या फोनचा कॅमेरा पन्नास हर्ट्झच्या दिव्यांसाठी लावलेला आणि आमच्या बेसमेंटमधल्या जुन्या ट्यूबलाइट साठच्या. ट्यूब घालवल्या, तेव्हा त्याही फोनमध्ये खरं लुकलुकणं दिसलं. (मॉनिटरला मात्र घरातली वीज पन्नासची की साठची याने फरक पडत नाही. आत डीसी करूनच वापरतो. हाच मॉनिटर कराडला नेला तरी असाच वागेल.)

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत त्या क्षणाचा रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवायची सोय असते. ती चालू केली. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद केलं की आकडा १४४ वर गप्प बसायचा आणि लुकलुकणं नाहीसं व्हायचं, पण चित्र फाटायचं. चालू केलं की आकडा नाचायला लागायचा. आबा तो आकडा बघत बसले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, वर जाऊन स्वतःची डायरी घेऊन आले आणि रेघा मारून रकाने पाडले. वेळ, खेळ, हर्ट्झ, शेरा.

सबस्टेशनवर दर तासाला रीडिंग लिहायची सवय. तीन रात्री त्यांनी नोंदी केल्या. "९.१० – मोटारी – ११८ ते १३१ – ठीक." "९.४० – गुहा, अंधार – ५२, ४९, ९४, ४८, ९५ – लुकलुकतो." "९.५५ – लोडिंग – आकडा वाचता येत नाही – फार लुकलुकतो." लोडिंग हा शब्द त्यांनी देवनागरीत लिहिला आणि खाली कंसात 'थांबा' असंही लिहिलं. चौथ्या दिवशी चिरंजीव ती डायरी वाचत बसलेला. रविवारच्या मराठी शाळेत तो देवनागरी शिकला आहे, पण ९ आणि १ मध्ये अजून घोळ होतो. आबा बोटाने दाखवत होते आणि तो मोठ्याने वाचत होता. "एकोणपन्नास म्हणजे फॉर्टी नाइन की फिफ्टी नाइन?" हा प्रश्न मराठी घरातल्या प्रत्येक मुलाने इथे कधी ना कधी विचारलेला आहे. आबा म्हणाले, "एक उणा पन्नास. पन्नासला एक कमी." तो म्हणाला, "ओह. व्हाय डिडन्ट एनीबडी से सो?"

नोंदींमध्ये गोष्ट स्पष्ट होती. आकडा नुसता कमी असतो तेव्हा लुकलुकत नाही. ४८ ची सीमा तो वरखाली ओलांडत राहतो तेव्हा लुकलुकतो. ४९ वरून ९४, परत ४८, परत ९५.

कारण पडद्याच्या पोटात आहे. एलसीडीचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यात भार भरायचा आणि पुढच्या चित्रापर्यंत तो टिकायला हवा. पण तो थोडा थोडा गळतो. जास्त थांबलं की जास्त गळतो, उजेड किंचित बदलतो. एरवी डोळ्यांना कळणार नाही इतका. पण वीस मिलिसेकंदांचं थांबणं एकदम दहावर आलं आणि परत वीसवर गेलं की तोच फरक लुकलुकल्यासारखा दिसतो, आणि अंधाऱ्या करड्या रंगात सगळ्यात जास्त. त्यात आमचा पॅनेल व्हीए जातीचा. त्याचा काळा रंग खरंच काळा असतो, पण हा दोष त्याच्यात जास्त दिसतो. आयपीएसमध्ये कमी दिसतो. ओएलईडीमध्ये गळतीचं कारण तसंच नसलं तरी वेग बदलला की गडद रंगांचा उजेड बदलतो, त्यामुळे दुप्पट पैसे टाकूनही सुटका नाही.

आबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही बॉर्डरवर चालवताय." मग त्यांनी नातवाला ग्रिडची गोष्ट सांगितली. मी मधे भाषांतराला. विजेचा लोड वाढला की जनित्रं जड होतात आणि फ्रिक्वेन्सी पडते. नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या संध्याकाळी ती एकोणपन्नासच्याही खाली यायची, मग कोयनेची यंत्रं चालू करायची धावपळ, कारण पाण्यावरचं यंत्र काही मिनिटांत लोड उचलतं. तरी पडतच राहिली तर ठरलेल्या आकड्याला रिले आपोआप फीडर तोडायचे आणि गावं अंधारात जायची. "फीडर परत घेताना फ्रिक्वेन्सी नुसती सीमेच्या वर आली म्हणून लगेच घ्यायचा नाही," आबा म्हणाले. "घेतला की परत पडते, परत तुटतो, परत घेतो. लोकांचे दिवे असेच लुकलुकायचे." चिरंजीव म्हणाला, "वेट, आबा तर हेच काम करायचा?" एकेरीच. आबांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

मग सीमेपासून लांब राहायचं ठरलं. वरच्या बाजूला गेमची चित्रं १३८ वर बांधली, म्हणजे १४४ च्या छताला डोकं आपटत नाही. खालच्या बाजूला गुहेच्या खेळातल्या सावल्यांची आणि धुराची प्रत उतरवली, चित्रं सत्तरच्या वर राहायला लागली. विंडोमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅम्ससाठी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद करून फक्त फुल स्क्रीनसाठी ठेवलं, त्याने ब्राउझरच्या वेळचं लुकलुकणं गेलं. शेवटचा उपाय जरा धाडसाचा होता. कस्टम रिझोल्युशन युटिलिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो, त्याने मॉनिटरची खालची मर्यादा ४८ वरून ६० केली. आता ५९ ला चित्र दुप्पट होऊन पडदा ११८ वर जातो, आणि वीस मिलिसेकंदांचं ते लांब थांबणं उरतच नाही. सगळेच मॉनिटर हे ऐकत नाहीत. प्रयोग करण्याआधी त्या प्रोग्रॅमबरोबर येणारी रीसेटची फाइल कुठे आहे ते बघून ठेवा, पडदा काळा झाल्यावर शोधता येत नाही.

गुहेतलं लुकलुकणं जवळजवळ गेलं. लोडिंगच्या वेळचं गेलं नाही. तिथे चित्रांचा वेग सेकंदात दहावरून तीनशेवर उड्या मारतो आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

मुदत संपायला एक दिवस उरला होता. माझं मत परत करून आयपीएस घ्यावा असं होतं आणि ते मी सांगितलं. पैसे त्याचे. तो आबांना घेऊन दुकानात गेला. फोनवरून त्याच गुहेचा व्हिडिओ तिथल्या दोन-तीन पडद्यांवर लावून बघितला. परत आले ते हात हलवत. आयपीएसवर अंधार राखाडी दिसतो म्हणाला. "आबा सेज इट्स नॉट डिफेक्टिव्ह. इट हॅज लिमिट्स, वी नो द लिमिट्स." आबांना इंग्रजीत हे कसं सांगता आलं ते मी विचारलं नाही. मॉनिटर राहिला. मोटारींच्या खेळाला सिंक चालू, एका अंधाऱ्या गोष्टीच्या खेळाला बंद, तिथे थोडं फाटलेलं चित्र त्याला चालतं.

मार्चमध्ये आम्ही आबांना डलेसला सोडून आलो. डायरी त्यांनी खालीच ठेवली होती. परवा ड्रायव्हर अपडेट झाल्यावर पुन्हा काही बिनसलं का म्हणून मी ती उघडली. आबांच्या अक्षराखाली दुसऱ्या अक्षरात पाच-सहा ओळी वाढल्या आहेत. त्यातली शेवटची: "१०.२० – गुहा – ७१ ते १०४ – ठीक." ठीक मधला ठ बरोबर आहे, ७ उलटा काढला आहे.